निळ्या फ्रेम उघडल्या, नाना

नाना, तुम्ही गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं.

चाकणच्या चौकात बस अडकली होती. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बसेस, नेहमीचंच. मी खिडकीशी बसलो होतो, मांडीवर लॅपटॉपची बॅग. तीन आठवडे आपण बोललो नव्हतो आणि त्या सकाळी मी तुम्हाला न कळवताच तुमच्याकडे निघालो होतो. सुरुवात कशी करायची, हे भोसरीपासून मनात जुळवत होतो. तेवढ्यात चौकातल्या खांबावर तुम्ही दिसलात. डोक्याला फेटा, कपाळाला गंध. फोटो माझ्या ओळखीचा होता. माझ्या पल्लवीच्या आणि तुमच्या संदीपच्या लग्नातला. मूळ फोटोत तुमच्या शेजारी मी उभा आहे. फ्लेक्स करणाऱ्याने मला कापून काढलं होतं, पण तुमच्या खांद्यावरची माझी चार बोटं तशीच राहून गेली होती.

बस हलेना, म्हणून सगळं वाचावं लागलं. दशक्रियेचा दिवस, घाटाचं नाव, आणि खाली शोकाकुल म्हणून नावांची रांग. भाऊ, पुतणे, मेहुणे, भाचे, मित्रमंडळ. मी दोनदा वाचली. माझं नाव नव्हतं आणि ते असण्याचं कारणही नव्हतं. आपल्या मुलांचा घटस्फोट होऊन चार महिने झाले होते. व्याही हा शब्द कागदोपत्री संपला होता आणि त्याच्या जागी लिहावा असा दुसरा शब्द कुणाकडे नव्हता. तुम्ही जाऊन चार दिवस झाले होते. मला कळवायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

पुढच्या थांब्यावर उतरलो, रस्ता ओलांडला आणि परत येणाऱ्या बसमध्ये बसलो. तुम्ही कसे गेलात ते मला अजूनही नीट माहीत नाही. कुणी म्हणतं छातीत दुखलं, कुणी म्हणतं झोपेतच गेले.

आपली पहिली खरी भेट लग्नात झाली नव्हती, नाना. लग्नात तुम्ही गावातल्या मोठ्या घराण्यातले होता आणि मी जालन्याकडून पोटासाठी इकडे आलेला, कंपनीत क्वालिटीला तीस वर्षं काढलेला, बायको वारलेला एकटा माणूस. मानपानावरून तुमच्या भावकीने मला दोन शब्द ऐकवले होते आणि मीही ते लक्षात ठेवले होते. खरी भेट झाली ती त्यानंतरच्या फेब्रुवारीत. हरभऱ्याच्या डहाळ्यांची मोठी जुडी घेऊन तुम्ही सकाळी नऊ वाजता आमच्या चिंचवडच्या फ्लॅटवर आलात. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. पल्लवीने मी निवृत्त झाल्यावर मला तो नाद लावून दिला होता.

"काय बगताय, पाव्हणं?"

"दुर्बिणीतून फोटो येतोय. दुर्बीण चिलीच्या वाळवंटात आहे. दक्षिण अमेरिकेत. तिकडे आत्ता रात्र आहे."

"अन् तुमी हितं चिंचवडात बसून फोटू काढताय?"

"मी नुसतं सांगतो. कुठे बघ, किती वेळ बघ, कुठल्या रंगाची काच लाव. ती तसं करते."

तुम्ही खुर्ची ओढून बसलात. "म्हंजे आपली दिवसपाळी अन् तिची रातपाळी."

मी हसलो. बायको गेल्यानंतर त्या टेबलावर मी मोठ्याने हसलो तो बहुतेक पहिलाच दिवस.

मग पडद्यावर ती आली. एम ८३. वासुकी तारकासमूहातली सर्पिल दीर्घिका. त्या वेळी नुसता राखाडी डाग होता, पण मधला उजळ गाभा आणि त्याच्याभोवती वळत गेलेले दोन हात ओळखू येत होते. मी तुम्हाला सांगितलं की हा उजेड तिथून निघाला त्याला दीड कोटी वर्षं झाली. डहाळ्यातले घाटे सोलायचे तुमचे हात थांबले.

"आमच्या शेतातनं दिसायचं का हे?"

"नुसत्या डोळ्यांनी नाही दिसणार."

"न्हाई, पर लई दिसायचं बगा. पाणी धरायला जायचो तवा. म्हातारीची बाज, म्हंजे तुमचं सप्तर्षी, ती पळवणारे तीन चोर, अन् मधनं पांढरा पट्टा, हितनं तितपत. आता कंपन्यांचे दिवे लागल्यापास्नं चांदणी दिसंल तर शप्पथ. जमीन गेली तवा समद्यांनी इचारलं, किती गेली. आकाश गेलं, त्ये कुनी इचारलं न्हाई."

त्या दिवसापासून तुम्ही दर सोमवारी आणि गुरुवारी यायला लागलात. वीस मैलांवरून, त्या ट्रॅफिकमधून, या वयात. मी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं. कॅमेरा काळापांढराच फोटो काढतो. एकदा बिनरंगाच्या काचेतून, एकदा लाल, एकदा हिरव्या, एकदा निळ्या. पाच पाच मिनिटांच्या अशा कितीतरी फ्रेम घ्यायच्या, त्या एकावर एक रचायच्या, मग कुठे रंगीत चित्र तयार होतं. तुम्हाला कॉम्प्युटर येत नव्हता, पण नजर माझ्यापेक्षा तिखट होती. तीस वर्षं मी कंपनीत भिंगाखाली चिरा शोधल्या, आणि तरी तुम्ही माझ्याआधी बोट ठेवायचात. "ह्यो तारा बगा, दाणा लांबट झालाय. दुर्बीण हलली."

फ्रेम निवडण्यावरून आपली कायमची भांडणं. एखाद्या फ्रेममधून उपग्रह गेला की आडवी रेघ उमटायची. मी ती फ्रेम काढून टाकायचो. माझी नोकरीच तशी गेली, बाद करण्यात. तुम्हाला ते सोसायचं नाही.

"पाच मिन्टं उजेड आलाय येवढ्या लांबनं, अन् तुमी टाकून देता?"

"खराब आहे ती, नाना."

"रेघ खराब हाय. बाकीचा उजेड काय खराब झाला?"

मी तुमच्यादेखत काढायचो आणि तुम्ही मान फिरवून चहा प्यायचात. ते भांडण मिटलं नाही. आता मिटणारही नाही.

त्याच काळात, त्याच टेबलापासून वीस मैलांवर, तुमच्या घरात पल्लवीचं काय चाललं होतं हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं. हे मी इथे लिहिणार आहे, कारण न लिहिता तुमच्याबद्दल चांगलं लिहिलं तर ते खोटं होईल. संदीपने तिच्यावर दोनदा हात उचलला. दुसऱ्या वेळी तुम्ही दारात उभे होता. पल्लवीने मला हे नंतर सांगितलं, बॅग घेऊन परत आली तेव्हा. "नाना होते तिथे," एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर तुमच्या भावकीने बैठक बसवली. मी गेलो, कारण तुम्ही असणार होता. मला वाटलं, दुसरं कुणी नाही तरी नाना बोलतील. तुमचे चुलतभाऊ म्हणाले की आयटीतली मुलगी, घरी यायला उशीर, तिला नांदायचंच नव्हतं, म्हणून हे कुभांड. मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "नाना, तुमी घरातले कारभारी. तुमच्यासमोर काय झालंय का? सांगा."

तुम्ही बोलला नाहीत. हो नाही, नाही नाही. सगळे थांबले. पंखा फिरत होता. तुमच्या न बोलण्याचा अर्थ प्रत्येकाने सोयीचा लावला आणि चहा आला. पल्लवी उठली, मीही उठलो. चपला घालताना मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पाहिलं नाहीत.

त्यानंतर आपलं काही उरलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण मार्चमध्ये, घटस्फोटाचा निकाल लागून आठ दिवस झाले असतील, तुमचा फोन आला. फोन घ्यावा की नाही हे ठरवेपर्यंत मी तो घेतला होता.

"पाव्हणं," तुम्ही म्हणालात, "त्ये आपलं चित्र अर्धंच ऱ्हायलंय."

मी तुमच्याकडे आलो. पल्लवी माझ्याकडे राहत होती, तेव्हा तुम्ही घरी येणं शक्य नव्हतं. तुम्ही भाड्याने दिलेल्या गाळ्यांच्या टोकाला तुमची एक खोली होती, टेबल, दोन खुर्च्या, देवाचं कॅलेंडर. शेजारच्या गाळ्यात पत्रा दाबणारी प्रेस चालायची आणि तिच्या ठोक्यागणिक चहात वर्तुळं उठायची. तिथे आपण बसायला लागलो. पल्लवीला मी सांगायचो, ज्येष्ठ नागरिक संघात जातो. त्या खोलीत आपण पुन्हा बिनरंगाच्या फ्रेम घेतल्या, एप्रिल-मे दोन महिने लाल आणि हिरव्या घेतल्या. निळ्या तेवढ्या राहिल्या. मी तुम्हाला म्हणालो होतो की निळा शेवटी, कारण दीर्घिकेचे हात निळ्यातच उघडतात. नवे तारे तिथे जन्मतात. मुलांचा विषय आपण काढत नव्हतो. काढला नाही म्हणूनच बसू शकत होतो.

जूनअखेर मी तो काढला. सकाळचे सहा वाजले होते. चिलीत नुकतीच रात्र चढली होती आणि दुर्बीण निळ्या काचेवर लावून मी पहिली फ्रेम सुरू केली होती. तुम्ही माझ्यापुढे बिस्किटाचा पुडा सरकवला. तेवढंच निमित्त झालं. आदल्या रात्री पल्लवी झोपेत दचकून उठल्याचं मी ऐकलं होतं.

"नाना, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"सोडा ना पाव्हणं. झालं गेलं."

"तुमच्या डोळ्यांदेखत मारलं तिला."

तुम्ही खाली बघत म्हणालात, "पोरगं हाय माजं."

"तीही पोरगी आहे माझी. आणि मी इथे तुमच्या शेजारी बसून बिस्किटं खातोय. मला माझीच लाज वाटते."

तुम्ही म्हणालात, "सांगतो. येक दिवस समदं सांगतो. हे येवढं पुरं हू द्या." मी लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला आणि म्हणालो, "मला नाही पुरं करायचं. तुमच्याबरोबर तर नाहीच." हे मी तुमच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. तुम्ही दारापर्यंत आलात. मागे वळून बघितलं नाही म्हणून तुम्ही तिथे किती वेळ उभे होता हे मला माहीत नाही.

आठ दिवसांनी तुमचा फोन आला. मी भाजी निवडत होतो. हात ओले आहेत, असं स्वतःला सांगत मी तो वाजू दिला. परत फोन आला नाही. मीही केला नाही.

फ्लेक्स पाहून घरी आलो तर पल्लवी कामावर निघायच्या गडबडीत होती. मी खोटं बोलायची ताकद गमावून बसलो होतो. म्हणालो, "नाना गेले. चार दिवस झाले."

तिने हातातला डबा ओट्यावर ठेवला. बराच वेळ झाकण लावत राहिली.

"तुम्ही त्यांच्याकडेच जात होतात ना?" ती म्हणाली. "ज्येष्ठ नागरिक संघ गुरुवारी बंद असतो, बाबा."

मी मान हलवली.

"मला राग आला होता. पण तुम्ही तिकडून आलात की नीट जेवायचात. म्हणून बोलले नाही." मग ती खुर्चीवर बसली आणि जे तिने मला कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. बैठकीनंतर महिनाभराने तुम्ही तिच्या हिंजवडीच्या ऑफिसच्या गेटवर गेला होतात. सिक्युरिटीने आत सोडलं नाही. तुम्ही टोपी हातात घेऊन दोन तास फुटपाथवर थांबलात. ती खाली आल्यावर हात जोडलेत. म्हणालात, "पोरी, माजं चुकलं. बोलाया पायजे व्हतं."

ती तुम्हाला म्हणाली, "मग आता बोला. बैठक बोलवा आणि सगळ्यांसमोर बोला."

तुम्ही म्हणालात, "न्हाई जमायचं गं."

"मग मी वर गेले," पल्लवी म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं, पाव्हण्यांना सांगू नको, त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागंल. म्हणून नाही सांगितलं."

नाना, मी तुमच्याकडे जे मागत होतो ते तुम्ही ज्याचं त्याला देऊन बसला होता. अर्धं का होईना. आणि ते मला सांगून माझी समजूत काढणं तुम्हाला सोपं होतं, तरी तुम्ही माझं ते शेवटचं वाक्य, तो मिटलेला लॅपटॉप, सगळं सोसलंत. मला आता तुमचा राग येतो तो यासाठीही येतो. एवढं धैर्य होतं तर तेवढं का नव्हतं?

"दशक्रियेला जाऊ का?" मी विचारलं.

"जा. मी येणार नाही."

दोन दिवसांनी मी लॅपटॉप उघडला. मला वाटत होतं की निळ्या फ्रेम घ्यायच्याच राहिल्या. पण दुर्बिणीला आपण भांडलो हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला चोवीस फ्रेम घ्यायला सांगितलं होतं, तिने त्या घेतल्या आणि माझ्या खात्यात ठेवून दिल्या. भांडणाच्या त्या सकाळी मी बस पकडून, धुमसत, भोसरीपर्यंत येईस्तोवर तिथे तो उजेड गोळा होत होता. एक एक उघडत गेलो. तेवीस स्वच्छ. एकीत उपग्रहाची आडवी रेघ होती. बरोबर मधून. मी तिच्यावर कर्सर नेला आणि तसाच बसलो. मग ती राहू दिली.

चारही रंग एकावर एक बसवायला दोन दिवस लागले. पल्लवी मागे येऊन उभी राहायची. शेवटी दीर्घिकेचे हात निळे उघडले, त्यांच्या कडेने गुलाबी ठिपके आले, आणि नीट पाहिलं तर मधोमध एक अगदी फिकट रेघ दिसते. कंपनीत असतो तर मी हा पीस पास केला नसता. चिंचवड स्टेशनजवळच्या स्टुडिओतून मोठी प्रत काढून घेतली आणि कापडी पिशवीत घालून दशक्रियेला आलो.

घाटावर केवढी माणसं होती, नाना. गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. मी मागे, चपलांच्या ढिगाशेजारी बसलो. विधी झाला, प्रवचन झालं, मग माईकवर श्रद्धांजली सुरू झाली. तुम्ही मंदिराला जागा दिलीत, शाळेच्या वर्गखोलीला पत्रे दिलेत, कुणाच्या बांधाचं भांडण मिटवलंत. सगळं खरं असेल. आकाशाबद्दल कुणी बोललं नाही, त्यांना ठाऊकच नव्हतं. तुमचे तेच चुलतभाऊ म्हणाले, "नाना कधी कुनाबद्दल वाईट बोलले न्हाईत." मग निवेदन करणाऱ्याने विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का? नात्यातलं, मित्रमंडळीतलं?"

माझ्याकडे बोलायला होतं. तुम्ही काय बघायचात, कसं बघायचात हे त्या सगळ्यांत फक्त मला माहीत होतं. आणि दुसरंही होतं. नाना माझ्या मुलीसाठी फुटपाथवर दोन तास उभे होते आणि का उभे होते, हे त्या भावकीसमोर सांगता आलं असतं. तुम्हाला जे जमलं नाही ते तुमच्या वतीने मी करू शकलो असतो. संदीप समोर बसला होता, मुंडण केलेला, डोळे सुजलेले. त्याची आई पलीकडे. पन्नास चेहरे मागे वळले, कोण उठतंय बघायला. मी वाट पाहिली, की कुणीतरी दुसरं उठेल. निवेदन करणारा थांबला होता, तो दोन मिनिटंसुद्धा थांबला नसेल. मग त्याने पसायदान सुरू केलं.

माणसं पांगल्यावर विहीणबाईच माझ्याकडे आल्या. मी नमस्कार केला. पिशवीतून फोटो काढून त्यांच्या हातात दिला.

"ह्ये काय हो, भाऊ?"

"नानांनी आणि मी काढलेला फोटो. दीड वर्ष काढत होतो. फार लांबची दीर्घिका आहे. आकाशातली."

"ह्यांनी?" त्यांनी फोटो उन्हाकडे धरला. "मला म्हनायचे, चाकनला बँकेत काम हाय. हप्त्यातनं दोनदा. मी म्हनायची, येवढं काय काम असतंय बँकेत." त्या दीर्घिकेच्या निळ्या हातांवरून बोट फिरवत राहिल्या. "येवढ्या लांब जात व्हते व्हय."

त्यांनी फोटो पदराखाली घेतला आणि संदीप हाक मारत होता तिकडे गेल्या. संदीपने माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पल्लवीने सुट्टी घेतली होती. दार तिनेच उघडलं.

"खूप लोक होते?"

"खूप."

"बोलले?"

"चांगलं बोलले सगळे."

"तुम्ही काही बोललात, बाबा?"

मी चपला काढत होतो. म्हणालो, "नाही गं. नाही जमलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली, नाना. त्या गेटवर तुमच्याकडे तिने कसं पाहिलं असेल ते मला तेव्हा कळलं. मग ती आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या शेजारी बसली. ते पाणी मला बराच वेळ पिववलं नाही.